चिमटा ज्याचा, गाडी त्याची

आमच्या घरात ती गाडी आली माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण त्याचं श्रेय मला अजून कुणी दिलेलं नाही. सगळी इमारत तेव्हा म्हणाली, "म्हातारपणी ह्यांना काय सुचलं बघा." ह्यांना म्हणजे आमच्या ह्यांना. ह्यांना काही सुचलं नव्हतं. ह्यांना उभ्या जन्मात आपणहून काही सुचलेलं नाही. लेखापरीक्षण खात्यात हयात काढलेला माणूस. दुसऱ्याला सुचलेलं चूक कसं आहे, एवढंच त्यांना सुचायचं.

त्या वर्षी ह्यांच्या मेंदूत एक बारीकशी गुठळी अडकली आणि सुटली. बोलणं परत आलं, जरा जास्तच आलं. पाय परत आला. उजवा हात मात्र रजेवर गेला तो गेलाच. व्यायाम शिकवणाऱ्या बाई घरी यायच्या. वयाने लहान, पण आवाज मुख्याध्यापिकेचा. त्यांनी मला दारापाशी गाठून सांगितलं, "आजी, हे सुरुवातीचे महिनेच काय ते खरे. आत्ता हात कामाला लागला तर लागला. बसून राहिला तर त्याला बसायचीच सवय होईल." आणि एक निळा रबरी चेंडू हातात ठेवून गेल्या. रोज दाबायला.

"मी चेंडू दाबणार नाही," हे म्हणाले. "मी काय पाळण्यात आहे?"

ज्या हातातली लाल पेन्सिल पाहून अख्खी कार्यालयं चहा सोडून उभी राहायची, त्या हाताने रबरी चेंडू दाबायचा! त्यांनी तो हात सदऱ्याच्या खिशात घातला आणि तो तिथेच राहू लागला. खाली आवारात बाकावर जाऊन बसणंही सोडलं, कारण तिथली मंडळी हात मिळवायची. मी समजावलं, रागावले, दोन दिवस अबोला धरला. अबोल्याचा उपयोग होत नाही, त्यांना तो आवडतो.

मग एकदा दवाखान्यातून परत येताना हे एका दुकानाच्या काचेपुढे थांबले. आत काउंटरवर एक लाल रंगाची, हातभर लांबीची मोटार गोल गोल फिरत होती आणि दुकानदार लांब उभा राहून ती चालवत होता. हे बघत राहिले. कितीतरी दिवसांनी हा माणूस तक्रार करण्यासाठी सोडून दुसऱ्या कशासाठी तरी थांबला होता. "बेअरिंग आवाज करतंय," एवढंच म्हणाले आणि चालू लागले. पण मी काय ते समजले.

दुसऱ्या दिवशी मी एकटी दुकानात गेले.

"मुलगा केवढा आहे?" दुकानदाराने विचारलं.

"सत्तरीला टेकलाय," मी म्हटलं.

तेव्हा कुठे त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "मग खेळण्यातली नको. खेळण्यातल्या गाडीला दोनच गोष्टी कळतात, पळ आणि थांब. ही हॉबीवाल्यांची. हिला थोडं, अजून थोडं, किंचित, असं सगळं कळतं. बोट जेवढं दाबाल तेवढाच वेग. चाक जेवढं फिरवाल तेवढंच वळण."

एवढं कळणारं आमच्या घरात तोवर कुणी नव्हतं.

त्याने मला रिमोट दाखवला. पिस्तुलासारखी मूठ, ती डाव्या हातात धरायची. डाव्या हाताच्या बोटाने घोडा दाबायचा, की गाडी पुढे. वर एक स्पंजचं छोटं चाक, ते दुसऱ्या हाताने फिरवायचं, की गाडी वळते.

"दुसऱ्या म्हणजे उजव्या?"

"उजव्याच."

"बांधा," मी म्हटलं.

पण ते इतकं सोपं नसतं. गाडीबरोबर बॅटरी येत नाही, म्हणाला, ती वेगळी. बॅटरीचा चार्जर वेगळा. रिमोटला आठ पेन्सिल सेल लागतात, तेही वेगळे. "मग ह्या एवढ्या मोठ्या खोक्यात आहे तरी काय?" मी विचारलं. "गाडी," तो म्हणाला. शिवाय क्रिस्टल नावाचे बोटाच्या पेराएवढे दोन तुकडे, एक रिमोटमध्ये आणि एक गाडीत. दोघांचा रंग एकच हवा, म्हणजे त्या रिमोटचं फक्त तीच गाडी ऐकते. हल्लीच्या गाड्यांना म्हणे हे काही लागत नाही, त्या चालू झाल्या की रिमोटशी आपलं आपण जुळवून घेतात. तेव्हाच्या गाड्यांचं मात्र रंग पाहून ठरायचं. त्याच्याकडे फक्त पिवळा शिल्लक होता. मी पिवळा घेतला. मला काय, साडी थोडीच घ्यायची होती.

घरी आणल्यावर ह्यांनी खोक्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "खेळणं आणलंस?" एवढंच. मी वाद घातला नाही. माहितीपुस्तक तेवढं त्यांच्या खुर्चीजवळ उघडं टाकलं आणि स्वयंपाकघरात गेले. संसारात मी एवढं एक शास्त्र शिकले आहे. छापलेला कागद समोर असताना लेखापरीक्षक गप्प बसू शकत नाही.

डाळीला फोडणी बसायच्या आत हाक आली. "अगं, ह्या कंपनीवाल्यांनी पान चारवर म्हटलंय आधी रिमोट चालू करा, मग गाडी. आणि पान नऊवरच्या चित्रात आधी गाडी! कोण लिहितं हे?"

"मला काय कळतंय त्यातलं," मी आतून म्हटलं.

झालं. पुढचे काही दिवस गाडी खोक्यातच आणि हे पुस्तकात. संपूर्ण वाचून, समजून, शंका काढून झाल्याशिवाय कुठलीही वस्तू जागची हलू द्यायची नाही ही त्यांच्या खात्याची रीत. शेवटी त्यांनी निर्णय दिला की पान चारच बरोबर. सुरू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. कारण गाडी चालू आणि रिमोट बंद असं झालं, तर गाडीचे कान उघडे राहतात आणि ती हवेतलं कुणाचंही ऐकते. हे त्यांनी मला तीन वेळा ऐकवलं. मी तिन्ही वेळा कणीक मळत होते.

त्यानंतर बॅटरी. इथे शेजारी शिरले.

आमच्या वरच्या मजल्यावर वीजमंडळातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. इमारतीत कुणाचाही दिवा गेला की ते स्क्रूड्रायव्हर घेऊन येत आणि मग सगळ्यांचेच दिवे जात, म्हणून त्यांना फ्यूजकाका म्हणत. त्यांनी बॅटरी हातात घेऊन तोलली. प्लास्टिकच्या सालीत सहा सेल, भुईमुगाच्या जाड शेंगेसारखी दिसायची.

"हिला स्मरणशक्ती असते बरं का," फ्यूजकाका म्हणाले. "अर्धी वापरून पुन्हा चार्ज केली की ती तेवढंच लक्षात ठेवते. पुढच्या वेळी अर्ध्यावरच म्हणते, संपले. म्हणून रोज पार दमेपर्यंत पळवायची, मग गार होऊ द्यायची, मगच चार्ज."

माझ्या सासूबाईंच्या स्मरणशक्तीचं असंच होतं. नव्या सुनेच्या उत्साहात मी पहिल्या दिवशी पंचवीस पोळ्या केल्या, तेवढंच त्यांनी जन्मभर लक्षात ठेवलं. पण फ्यूजकाका बोलत होते आणि माझं लक्ष ह्यांच्या खिशाकडे गेलं. अर्धवट वापरलं की तेवढंच लक्षात ठेवतं. व्यायामाच्या बाई वेगळं काय सांगत होत्या?

तळमजल्याच्या वहिनींनी सल्ला दिला की दमलेली बॅटरी फ्रिजमध्ये ठेवावी. त्या प्रत्येक गोष्ट फ्रिजमध्ये ठेवत, नेलपॉलिशपासून विम्याच्या पावत्यांपर्यंत. मग आमची बॅटरी दुधाच्या पातेल्याशेजारी विसावा घेऊ लागली आणि मी एकदा झोपेत तिच्यावरच साय काढायला चमचा टेकवला.

पण नियम कामाला आला. बॅटरी रोज पार दमवायची म्हटल्यावर गाडी रोज चालवायला हवी. नियम म्हणजे नियम. ह्यांनी डाव्या हातात मूठ धरली, घोडा दाबला आणि गाडी आमच्या बोळकांडीत सुर्रकन या टोकाहून त्या टोकाला गेली. मग उलटी आली. मग पुन्हा गेली. उजवा हात खिशात.

"वळवा की," मी म्हटलं.

"वळायची गरज काय? बोळ सरळ आहे."

आठवडाभर गाडी नाकासमोर जात होती आणि नाकासमोर परत येत होती, आणि त्यांचा उजवा हात जागचा हलला नव्हता. माझा धीर सुटत चालला होता. तेव्हा फ्यूजकाका पुन्हा आले, दारात उभे राहून दोन फेऱ्या पाहिल्या आणि म्हणाले, "काय हो, तुमच्या गाडीला काही वळण नाही वाटतं?"

ह्यांचा चेहरा लाल झाला. आपल्या घराला वळण नाही असं कुणी म्हणायची ती पहिलीच वेळ. फ्यूजकाका गेले, दार लागलं, आणि मी स्वयंपाकघराच्या फटीतून पाहिलं. खिशातून हात बाहेर आला. कोपर बरगडीला घट्ट चिकटलेलं, मनगट लोंबतं, पण दोन बोटं स्पंजच्या चाकावर टेकली. आत काहीतरी चिर्र वाजलं, गाडीची पुढची चाकं केसभर वाकली आणि गाडी सरळ चपलांच्या रॅकवर जाऊन आदळली. सगळ्या चपला खाली. त्या चपला उचलताना मला जितका आनंद झाला तितका त्या विकत घेतानाही झाला नव्हता.

बोळ अपुरा पडू लागल्यावर गाडी आवारात गेली, आणि गाडीमागे हेही. कितीतरी दिवसांनी ते बाकावर बसले. रिमोटची एरियल म्हणजे छत्रीची दांडीच, ओढली की लांबत जायची. पहिल्याच दिवशी ती वहिनींच्या वाळत घातलेल्या चादरीतून आरपार गेली. वहिनी म्हणाल्या, "असू दे हो भाऊजी, जुनीच होती," आणि नंतर मला नवी आणायला लावली.

मग एक दिवस गाडीच्या अंगात आलं. हे डावीकडे वळवतात, ती उजवीकडे. थांबवतात, ती उड्या मारते. जरा वेळाने पाहतो तर पलीकडच्या भिंतीआडून दुसरी गाडी तशाच उड्या मारत आली, निळी, आणि तिच्यामागे फ्यूजकाका. त्यांनाही मोह झाला होता. त्याच दुकानातून घेतली होती, आणि दुकानदाराकडे अजून पिवळाच रंग होता. एका रंगाचे दोन रिमोट एकाच वेळी चालू, म्हणजे एका घरात दोन कर्ते पुरुष. गाड्यांनी ऐकायचं कुणाचं?

"तुम्ही क्रिस्टल बदला," हे म्हणाले.

"मी का? तुम्ही बदला."

"मी आधी आणला."

"मी महाग आणला."

यावर तोडगा निघाला तो माझ्या दोरीवरून. एक कपड्यांचा चिमटा घ्यायचा. ज्याच्या कॉलरला चिमटा, त्यानेच रिमोट चालू करायचा. दुसऱ्याने हातसुद्धा लावायचा नाही. दोघांनी आपापल्या खात्याच्या गांभीर्याने हा करार केला. चिमटा एकच. त्याची रोज संध्याकाळी अदलाबदल व्हायची. ह्यांच्या बोटांना तो उघडायचा नाही, त्यामुळे त्यांच्या कॉलरला तो मीच लावून द्यायची आणि मीच काढायची. पदक लावल्यासारखं वाटायचं.

असं सगळं मार्गी लागलं होतं. मग सेक्रेटरींची सभा आली.

आमच्या इमारतीचे सेक्रेटरी हे शिस्तीचे भोक्ते. त्यांनी आवारात गाड्या लावायच्या जागांवर पांढरे पट्टे मारून घेतले होते आणि पट्टे ओले असतानाच त्यांच्या कडेला खुर्च्या मांडून 'सार्वजनिक शिस्त' या विषयावर सभा बोलावली होती. हे बाकावरून उठून मिनिटभर घरात गेले. गाडी बाकाखाली, रिमोट बाकावर. रिमोटवरचा लाल दिवा जळत होता.

आता मला सांगा, ज्या बाईने जन्मभर नवऱ्याच्या मागे फिरून मोरीतले, गच्चीतले, जिन्यातले दिवे बंद केले, तिच्यासमोर एक दिवा विनाकारण जळतोय. ती काय करेल? मी बटण बंद केलं. आठ सेल खात होता तो दिवा. माझं आजही म्हणणं आहे की ज्या यंत्राला दिवा बंद केलेला सोसत नाही, त्याने दिवा लावूच नये.

गाडीचे कान उघडे राहिले. तिने हवेत कुणाचं ऐकलं देव जाणे, पण ती बाकाखालून बाणासारखी सुटली. ओल्या पट्ट्यावरून गेली, वळली, पुन्हा पट्ट्यावरून आली, खुर्च्यांच्या पायांतून शिरली. वहिनींनी पाय वर घेतले. खजिनदार खुर्चीवर उभे राहिले. सेक्रेटरी "शिस्त म्हणजे..." एवढं म्हणून थांबले, कारण शिस्त म्हणजे काय ते सांगायच्या आत गाडी त्यांच्या दोन्ही काळ्या बुटांवरून एक स्वच्छ पांढरी रेघ ओढत पुढे गेली होती. शेवटी ती पाण्याच्या पिंपाला धडकून उलटी पडली आणि चाकं गरागरा फिरवत राहिली.

सगळ्यांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या हातात रिमोट होता.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी घरी आले. नवे बूट घालून. "बिनतारी यंत्र आहे हे," ते म्हणाले. "रेडिओच तो. ह्याला परवाना आहे का?"

मला लहानपण आठवलं. आमच्या वडिलांच्या रेडिओला खरंच परवाना असायचा. कपाटाएवढा रेडिओ, तापायलाच वेळ लागायचा, आणि परवान्याची तारीख चुकली की वडील आवाज बारीक करून बातम्या ऐकायचे, जणू आवाज बारीक केला की गुन्हाही बारीक होतो.

परवान्याचं नाव काढल्यावर हे स्वस्थ बसणार थोडेच? आम्ही पोस्टात गेलो. खिडकीतल्या बाईंनी चष्मा वर केला. "रेडिओचं लायसन्स? ते बंद होऊन जमाना झाला, आजोबा. गाणी लागतात का ह्यावर?"

"नाही. गाडी चालते."

"मग वाहनांच्या कचेरीत जा."

वाहनांच्या कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, "चाकं?"

"चार."

"माणूस बसतो?"

"नाही."

"ज्यात माणूस बसत नाही त्याला आम्ही ओळखत नाही."

"मग परवाना लागत नाही असं लिहून द्या," हे म्हणाले.

"जे लागत नाही ते आम्ही देत नाही," साहेब म्हणाले, "आणि लागत नाही हे लिहून द्यायची पद्धत नाही. फार तर तुम्ही विचारायला आला होतात एवढी नोंद करतो. इथे सही करा." त्यांनी पेन पुढे केलं. आमचे हे त्या पेनाकडे बघत राहिले. हात खिशात गेला. मग म्हणाले, "ही करेल." मी सही केली. येताना रिक्षावाल्याने भाडं जास्त सांगितलं, ते ह्यांनी हिशेब न विचारता देऊन टाकलं.

सेक्रेटरींनी आमची सगळी धावपळ ऐकून घेतली आणि निकाल दिला. परवाना कुणी देत नसेल तर सोसायटी देईल. रविवारी सकाळी आवारात चाचणी. कुंड्यांमधून नागमोडी जायचं, वळून यायचं आणि मागे मागे येत पांढऱ्या पट्ट्यांत गाडी लावायची. "जमलं तर चालवा. नाही जमलं तर गाडी ऑफिसच्या कपाटात. चालक कोण, तुम्ही की ह्या?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. गाडी कपाटात गेली तर हात खिशात जाणार, आणि पुन्हा बाहेर काढायला माझ्याकडे दुसरी युक्ती नव्हती. मला वाटलं, आता हे माझ्याकडे बोट दाखवतील.

"मी," हे म्हणाले.

रविवारपर्यंत त्यांनी इतका सराव केला की रिमोटचे सेल मान टाकू लागले. नवे आणायचे तर दुकान लांब. मी ते सेल काढून खिडकीत उन्हात ठेवले. ऊन दाखवलं की सेलमध्ये थोडा जीव येतो हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. फ्यूजकाका म्हणतात, तो भ्रम आहे. असेल. माझा रेडिओ त्या भ्रमावर आजवर चालत आला आहे.

चाचणीला सगळी इमारत सज्जात. सेक्रेटरी खुर्ची टाकून बसलेले, बूट खुर्चीखाली ओढून. मी ह्यांच्या कॉलरला चिमटा लावला. "घाबरू नका," मी म्हटलं. "घाबरतोय कोण? तूच चिमटा तिरका लावलायस," ते म्हणाले. खरं होतं.

गाडी निघाली. पहिली कुंडी बरोबर. दुसरी बरोबर. ह्यांचं कोपर बरगडीला, दोन बोटं चाकावर, कपाळावर घाम. तिसऱ्या कुंडीशी गाडी एकदम शहारली, दोन गचके खाल्ले, आणि मी डोळे मिटले.

टाळ्यांनी उघडले. गाडी तिसऱ्या कुंडीभोवती अशी वळली होती की बघत राहावं. चौथी, पाचवी. टोकाला जाऊन झोकात वळली, परत आली, थांबली, आणि मागे मागे येत पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमध उभी राहिली. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी म्हणजे अगदी कसलेले ड्रायव्हर हो!" सेक्रेटरी उठले, घसा खाकरला आणि म्हणाले, "समितीच्या वतीने उत्तीर्ण असं..."

"थांबा," हे म्हणाले.

ते रिमोटकडे बघत होते. त्यावरचा लाल दिवा विझलेला होता. त्यांनी घोडा दाबला. गाडी हलली नाही. चाक फिरवलं. काही नाही.

"दिवा बंद आहे," ते म्हणाले. "रिमोट मेलाय. मग गाडी चालवली कुणी?"

मग त्यांनी सावकाश मान वर केली. वरच्या मजल्याच्या सज्जात फ्यूजकाका उभे होते. तुळशीएवढ्या कसल्याशा झाडाच्या कुंडीआडून एक एरियल डोकावत होती.

"अहो, सेल गेले तुमचे!" फ्यूजकाका वरून ओरडले. "गाडी भिंतीवर जात होती. म्हटलं, सांभाळून घ्यावं!"

"चिमटा कुणाकडे आहे?" हे गरजले.

"अहो पण..."

"चिमटा कुणाकडे आहे? माझ्या कॉलरला आहे! ठरलं होतं काय आपलं? चाचणी माझी! गाडी माझी! आपटली असती तर मी आपटली असती! तुम्ही कोण मध्ये चालवणारे?"

सेक्रेटरींना चिमट्याचं काहीच ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला अशा समजुतीने ते मागे सरकले. बाकीचे कधी वर फ्यूजकाकांकडे, कधी खाली गाडीकडे बघत होते. मी वरही बघत नव्हते आणि खालीही नाही. मी एकाच जागी बघत होते.

ह्यांचा उजवा हात वर होता. बरगडी सोडून, खांद्याच्या वर, थेट दुसऱ्या मजल्याकडे रोखलेला. पहिलं बोट सरळ. प्रत्येक 'चिमटा'गणिक तो हात हवेत हिसडा खात होता, कार्यालयं उठवून उभी करायचा तसा.

"अगंबाई, हात..." वहिनी म्हणायला लागल्या. मी त्यांचं मनगट असं दाबलं की त्या "हा" वरच थांबल्या. कुणी बोललं असतं तर ह्यांच्या लक्षात आलं असतं, आणि लक्षात आलं असतं तर हात खाली आला असता.

मग त्यांनी सेक्रेटरींना सांगितलं की निकाल रद्द करा, चालकाने न चालवलेल्या गाडीला उत्तीर्ण करणं ही गंभीर अनियमितता आहे. वहिनींच्या भिंतीवरच्या घड्याळातले, टॉर्चमधले, जिथून मिळतील तिथून सेल गोळा झाले. चाचणी पुन्हा झाली. ह्यांनी दुसरी कुंडी पाडली, चौथीला घासून गेले, आणि मागे घेताना सेक्रेटरींच्या नव्या बुटांवर चढले. "अनुत्तीर्ण," सेक्रेटरी म्हणाले. "पण गाडी राहू द्या. पुढच्या रविवारी पुन्हा." मला वाटतं, त्यांनाही रविवारी दुसरं काही बघायला नव्हतं. हे इतक्या ताठ मानेने घरी आले की पास झालेल्यालाही जमणार नाही.

पण खरी पंचाईत मंगळवारी झाली. व्यायामाच्या बाई आल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, हात खांद्याच्या वर उचला बघू."

"येत नाही," हे म्हणाले.

"जरा प्रयत्न करा."

"येत नाही म्हणतो ना. आजवर कधी आलाय?" आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

मी खिडकीशी गेले. बाहेर डोकावले, आणि सहज बोलल्यासारखं म्हटलं, "अहो, आज चिमटा तुमच्याकडे आहे ना? मग वरच्यांनी रिमोट चालू केलेला कसा दिसतोय?"

"काय?" ह्यांचा हात सूंकन वर गेला, बोटासकट. "अहो फ्यूजवाले! चिमटा कुणाकडे आहे?"

बाई बघतच राहिल्या. मग वही काढत मला हळूच म्हणाल्या, "आजी, हा व्यायाम फार चांगला आहे. ह्याला काय म्हणायचं?"

"भांडण," मी म्हटलं. "किती वेळा द्यायचं ते सांगा."

"सकाळ-संध्याकाळ," बाई म्हणाल्या. "जेवणाआधी."

मी वर जाऊन फ्यूजकाकांना तसं सांगून आले. ते फार भल्या मनाचे. त्यांनी एक दिवसही चुकवला नाही. पुढे पुढे तर ह्यांचा हात पार मोकळा झाला, सही यायला लागली, चिमटाही आपला आपण काढता-लावता यायला लागला, आणि मी फ्यूजकाकांना म्हटलं की आता पुरे.

"पुरे कसं?" ते म्हणाले. "अर्धवट सोडलं तर तेवढंच लक्षात राहील. आणि हात माझाही आखडलेलाच होता, वहिनी. तोही आता कुठे वर जायला लागलाय."